गस्तीनौका ‘धीवर’ आणि एक वेलांटी

जालना,
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

प्रिय कल्याण,

आधी काय घडलं ते, क्रमाने. मत नंतर.

१. ‘धीवर’ ही नौदलाची छोटी गस्तीनौका १९६२ साली पाण्यात उतरली. लांबी छत्तीस मीटर, माणसं एकोणतीस, तोफ एक, इंजिनं दोन.

२. पहिली नऊ वर्षं किनाऱ्यावर गस्त. लढाई नाही.

३. ३ डिसेंबर १९७१ ला युद्ध सुरू झालं तेव्हा ती सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर होती. काम तीन प्रकारचं : बंदराच्या तोंडाशी फेऱ्या मारणं, मच्छीमारांच्या होड्या माघारी आणणं, पाणबुडीचा कानोसा घेणं.

४. ८ डिसेंबरला सकाळी एक इंजिन बंद पडलं. दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी दुसऱ्या इंजिनाच्या पाण्याच्या पंपाचा पट्टा सुटला. पंप थांबला की इंजिन तापून बंद पडणार. वारा बोटीला ज्या बाजूला ढकलत होता, तिथे दोन मैलांवर खडक होते.

५. इंजिनखोलीतल्या एका स्टोकरने, म्हणजे इंजिनावरच्या खलाशाने, इंजिन चालू ठेवून पट्टा फिरत्या चाकावर चढवला. पट्टा बसला. त्याच्या डाव्या हाताची तर्जनी अर्ध्यातून गेली.

६. सहा वाजून पाच मिनिटांनी ‘धीवर’ स्वतःच्या इंजिनावर बंदरात आली. मृत : शून्य. जखमी : एक.

७. १९८८ साली ती सेवेतून निघाली. पुढे बरीच वर्षं गोदीत आग विझवण्याच्या सरावासाठी उभी होती. या वर्षी मार्चमध्ये मोडीत निघाली.

८. ऑगस्टमध्ये तिच्या पत्र्यांचा एक लॉट जालना एमआयडीसीत आला.

९. त्या स्टोकरचं नाव वसंता सखाराम साळवे. माझे आजोबा, आबा.

१०. सव्वीस वर्षांच्या सेवेत ही बोट एकदाही बुडालेली नाही. अर्थात ती कोणी बुडवलेलीही नाही.

पहिल्या आठ मुद्द्यांपैकी सहाव्यापर्यंत सगळं बोटीच्या नोंदवहीतून घेतलं आहे. तिच्या प्रती मी अर्ज करून मागवल्या. सातवा आणि आठवा माल पाठवणाऱ्याच्या कागदांवरून. सोबत झेरॉक्स जोडल्या आहेत. गावातल्या जवानांच्या स्मारकासाठी नेमलेल्या तुझ्या समितीने माझ्या पप्पांना ‘लेखी आधार द्या’ असं कळवलं होतं, सचिव म्हणून सही तुझी होती. हा लेखी आधार.

तरी हे पत्र मी समितीच्या सचिवाला नाही, तुला लिहिते आहे. आणि कागदावर लिहिते आहे, कारण व्हॉट्सॲपवर पाठवलं असतं तर अर्ध्या तासात ते गावातल्या पिठाच्या गिरणीवर मोठ्याने वाचलं गेलं असतं. चार वर्षांत आपण एकमेकांना एक अक्षर लिहिलेलं नाही. ‘प्रिय’ लिहावं की नाही यावर मी पाच मिनिटं घालवली. मग लिहिलं. खोडलेलं मला आवडत नाही.

तो लॉट आला त्या दिवसाबद्दल सांगते. मी इथल्या पोलादाच्या मिलच्या लॅबमध्ये आहे हे तुला ठाऊक असेलच, गावात ठाऊक नसलेलं काही नसतं. आमच्याकडे देशभरातलं भंगार येतं. जहाजांचे पत्रे येतात, ते कापून, तापवून, लाटून त्यांच्या सळया होतात. माझं काम इतकंच, प्रत्येक लॉटमधला तुकडा तपासायचा आणि आकडे लिहायचे. त्या दिवशी क्रेनवरच्या सूरजने यार्डातून हाक मारली, “मॅडम, या पत्र्यावर काईतरी लिव्हल्यावानी हाये. फेकू का ठिवू?” गेले. जहाजाचं नाव रंग उडाला तरी पुन्हा रंगवता यावं म्हणून अक्षरांच्या कडा वेल्डिंगने उठवलेल्या असतात. रंग तर केव्हाच गेला होता. कापणाऱ्याने पत्रा अक्षरामधूनच कापला होता. उरली होती एक वेलांटी आणि पुढे ‘वर’.

मी लॉटचा कागद काढला. त्यावर पूर्ण नाव होतं. हे नाव मी लहानपणापासून ऐकलेलं होतं, आबा म्हशीला पाणी पाजतानासुद्धा ‘धीवरवर आसताना’ म्हणून सुरू करायचे. दुसऱ्या दिवशी त्यांना स्कूटीवर बसवून यार्डात नेलं. ते पत्र्यापाशी उकिडवे बसले आणि डाव्या हाताच्या त्या अर्ध्या बोटाने वेलांटी चाचपत राहिले. रडले वगैरे नाहीत. म्हणाले, “मागल्या अंगाचा पत्रा हाये. हितं आमी कपडे वाळू घालायचो.” मग सूरजला विचारलं, “भट्टीत कवा जाती?” तो म्हणाला, “बाबा, आजच.” आबा म्हणाले, “बराबर हाये. गंजन्यापरीस बरं.”

पत्रा उतरवून घ्यायचा अधिकार मला नव्हता. तळहाताएवढा तुकडा तपासणीसाठी कापला होता, तो मी ठेवला. कार्बन शून्य पूर्णांक सतरा, मँगनीज शून्य पूर्णांक एकसष्ट. चांगलं, सरळ पोलाद. बाकीच्याच्या बारा मिलिमीटरच्या सळया झाल्या, त्यातल्या काही आपल्या भोकरदन तालुक्यातही गेल्या. तुमच्या स्मारकाच्या चबुतऱ्यात एखादी असेल तर मला नवल वाटणार नाही. पण ते सिद्ध करता येणार नाही, म्हणून यादीत घेतलं नाही.

आता त्या ओळीबद्दल. समितीने दगडावर कोरण्यासाठी काढलेला नमुना पप्पांच्या फोनवर आला, नऊ नावं, प्रत्येकापुढे एक ओळ. आठ जणांपुढे कुठे लढले, काय मिळालं. नववं नाव आबांचं : ‘सन १९७१ च्या युद्धात बोट गमावली.’ पप्पा दुसऱ्याच दिवशी तुमच्या घरी गेले. तुझे पप्पा, म्हणजे राधेश्यामकाका, ओट्यावर होते. पप्पांनी सांगितलं की बोट नाही, बोट. काकांना एकच शब्द दोनदा ऐकू आला असणार, कारण पाण्यातली बोट आणि हाताचं बोट बोलताना सारखीच. ते म्हणाले, “देवानंद, शाळेच्या बोर्डावर तसंच हाये. सोळा वर्सं झाली, कोणी काई बोललं न्हाई. आताच का?” पप्पा चहा न घेता परत आले.

काकांचा प्रश्न चुकीचा नाही. सोळा वर्षं कोणी का बोललं नाही, हे मीही तपासलं.

ती पाटी तुझ्या लक्षात असेल. सहावीत होतो आपण. पंधरा ऑगस्टसाठी शाळेच्या पडवीत ‘आपले जवान’ अशी पाटी लावायची होती. धर्मराज गुरुजी, तुझे आजोबा, यांनी त्र्याहत्तर साली केलेलं एक रजिस्टर होतं, गावातून फौजेत गेलेल्या प्रत्येकाची त्यात नोंद होती. नौदलातून आबांच्या जखमेचं पत्र आलं तेव्हा ते इंग्रजीत होतं, माझे पणजोबा ते घेऊन गुरुजींकडेच गेले होते, आणि गुरुजींनी ते वाचून मराठीत नोंद केली होती. पाटीच्या वेळी गुरुजी अंथरुणावर होते. अक्षर माझं बरं, म्हणून ब्रश माझ्या हातात. आवाज तुझा मोठा, म्हणून रजिस्टर तुझ्या हातात. तू वाचायचास, मी लिहायचे. पांढऱ्या ऑइलपेंटचा वास दोन दिवस हाताला होता.

पंधरा ऑगस्टला आबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. पाटीसमोर बराच वेळ उभे राहिले. मी मागे जाऊन विचारलं, “आबा, कसंय?” ते म्हणाले, “अक्षर लई झ्याक हाये.” मला इतका आनंद झाला की मी ते वाक्य वहीत लिहून ठेवलं होतं.

आठवडाभरात सुरुवात झाली. गिरणीवरचा पप्पू आधी. “वसंताबाबा, सरकारची बोट बुडिवली आन् पेन्शन बी घेता?” मग पाण्याची टाकी धुवायची असली की, “बाबाला वर चढवू नगा, टाकी बुडवंल.” आबा बोटबुडवे झाले, पप्पा बोटबुडव्याचे, मी कबड्डीत हरले की बोटबुडवी. आबा हसायचे. खरंच हसायचे, म्हणून लोकांना वाटायचं की असेल तसंच. ज्या पप्पूच्या गिरणीत इंजिनाचा पट्टा निसटला की तो दर वेळी इंजिन बंद करून, दोन माणसं बोलावून चढवतो, त्या पप्पूने हे नाव ठेवलं. त्याला कोणीतरी चौथा आणि पाचवा मुद्दा वाचून दाखवावा. त्याला इतर कोणापेक्षा लवकर कळेल.

एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण आपण दोघं ती कधी बोललो नाही. उरलेल्या आठ नावांपैकी एखाद्यापुढे अशी ओळ पडली असती तर ती आठ दिवसांत पुसली गेली असती. आमच्या गल्लीतल्या नावापुढे पडली, म्हणून ती गावाला पटली. समुद्र न पाहिलेल्या गावाला एक माणूस अख्खी बोट बुडवू शकतो हे पटलं, पण त्याच माणसाने ती वाचवली असेल असा विचार एकालाही सुचला नाही. त्याचा हात रोज समोर होता. चार बोटांचा. मोजायला कोणाला शिक्षण लागत नाही.

मग ते मोती तलावावरचं, चार वर्षांपूर्वीचं. तू म्हणालास की आपल्या लग्नाचं घरी सांगतो. आठ दिवसांनी सांगून आलास. काका काय म्हणाले ते तू सांगितलं नाहीस, मीच काढून घेतलं. “बोटबुडव्याची नात करतो का?” खरं कारण ते नव्हतं हे तुलाही कळत होतं, पण खरं कारण तोंडाने उच्चारायला अवघड, आणि हे सोपं, हसत हसत म्हणता येण्याजोगं. मी तेव्हा म्हणाले होते, ती ओळ तुझ्या आज्याने लिहिली, आधी ती पुसून ये. तू म्हणालास, “ते आज्यानं न्हाई लिव्हलं, मोना.” मी विचारलं, मग कोणी? तू गप्प बसलास. मी त्या गप्प बसण्याचा अर्थ भित्रेपणा असा लावला आणि रिक्षात बसून निघून गेले. चार वर्षं तोच अर्थ धरून चालले.

गेल्या शनिवारच्या आधीच्या शनिवारी, पंधरा तारखेला, मी शाळेत गेले. मुख्याध्यापकांची परवानगी घेतली होती. कपाट दुर्गाबाईंनी उघडून दिलं. त्या अजून शाळेत शिपाई आहेत आणि अजून तितक्याच बोलतात. “कवाचं बंद हाये माय, पाल निघंल, मागं सर. काय शोधून राह्यली? नोकरीचा दाखला का?” रजिस्टर खालच्या खणात होतं. मी ते कशासाठी काढायला गेले होते, ते लपवत नाही. गुरुजींची चूक पुराव्यासह धरायला गेले होते. नोंदवहीची प्रत, रजिस्टरचा फोटो, दोन्ही शेजारी ठेवायचे आणि समितीला दाखवायचं की इंग्रजी न समजल्यामुळे तुमच्या गुरुजींनी बोटाची बोट केली.

एकतिसावं पान. निळी शाई, गुरुजींचं उभट अक्षर. ‘वसंता सखाराम साळवे, आरमार. सन १९७१ च्या युद्धात बोट गमावले.’

गमावले. मात्रा आहे, ठळक आहे. त्यांना इंग्रजी नीट समजलं होतं आणि मराठी तर समजतच होतं.

त्या ‘ले’भोवती पेन्सिलीने गोल काढलेला आहे. बाजूला समासात लिहिलं आहे, ‘ली’. पुढे बरोबरची खूण. अक्षर गोल आहे, वेलांटीला वर एक अनावश्यक झोका आहे. ती वेलांटी मी आजही अशीच काढते. या पत्रात तुला ती शेकडो वेळा दिसेल.

तेव्हा सगळं आठवलं. त्याच आठवड्यात बाईंनी लिंग शिकवलं होतं. तू वाचलंस, “युद्धात बोट गमावले.” मी ब्रश थांबवून म्हणाले, गुरुजींचं लिंग चुकलंय. मागची सगळी पोरं खिदळली. मी अजून चढले. बोट स्त्रीलिंगी, ती बोट, म्हणून गमावली. आबा आरमारात होते, तिथे बोटच असणार. तू म्हणालास, “मंग आज्याला इचारून येऊ का?” मी म्हणाले, “कशाला? व्याकरण हाये.” आबांचा हात मी रोज धरत होते, कल्याण. त्या अर्ध्या बोटाला धरूनच मी चालायला शिकले. पण ते बोट मला इतकं सवयीचं होतं की ते कुठेतरी गेलेलं आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तुला हे माहीत होतं. मोती तलावावरही माहीत होतं. तू माझं नाव घेतलं असतंस तर मी तिथेच गप्प झाले असते, आणि गुरुजींवरचा आरोपही गेला असता. तू घेतलं नाहीस. त्याला मी भित्रेपणा म्हटलं होतं. तो शब्द मी मागे घेते. याहून जास्त आत्ता लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी गावात आबांना फोनवर तो फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून पाहिला आणि फोन परत दिला. मी विचारलं, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं? ते म्हणाले, “तुझं अक्षर मला वळखू येत न्हाई का?” मी विचारलं, मग बोलला का नाहीत, सोळा वर्षं. ते बिडी शोधत होते, सापडली नाही. म्हणाले, “तू अकरा वर्साची. सगळ्या गावासमोर तुझी चूक धरली आस्ती, तर तू पुन्हा ब्रश हातात धरला नस्ता. लिव्हनं सोडलं आस्तं. मंग ही लॅब कुठली?” चष्मा काढत म्हणाले, “माझं काय, दहाचा नऊ बोटावर आल्तो. बुडव्या म्हनल्यानं आनखी एक थोडंच जानार व्हतं.” आणि मग, “राहू दे आता. दगडावर काई का आसंना.”

मी राहू देणार नाही. म्हणून हे पत्र. वेलांटी माझी होती, ती मी मान्य करते, लेखी, सहीनिशी. पण ती सोळा वर्षं जपली ती गावाने, तो वाटा मी एकटीने घेणार नाही. काल जुन्या जालन्यात दगड कोरणाऱ्याकडे जाऊन आले. तो म्हणाला, “शुक्रवारी छिन्नी लावतो, ताई. दगडाला खोडरबर नसतो.” बदल फक्त सचिवाच्या सहीने घेईन, असंही म्हणाला. ओळ अशी हवी : ‘१९७१ च्या युद्धात गस्तीनौका धीवर वाचवताना डाव्या हाताचे बोट गमावले.’ जागा मोजली आहे, बसते. सोळा डिसेंबरला दगडाचं अनावरण झालं की मी समोर उभी राहून वरचे दहा मुद्दे वाचणार आहे, आणि अकरावा म्हणून बोर्डावरची चूक कोणी केली तेही. त्यासाठी तुझी किंवा काकांची परवानगी मागत नाही. गुरुजींचं नाव त्यात येईल, कारण पूर्ण गावात ती ओळ बरोबर लिहिणारे ते एकटे होते. सही मात्र तुझीच लागते, आणि ती करताना काका ओट्यावर बसलेले असतील, याची मला कल्पना आहे. करणार असशील तर कर, नसशील तर तसं कळव; पण या वेळी गप्प बसू नकोस. गुरुवारी, २७ तारखेला, संध्याकाळी सहापर्यंत मला उत्तर दे.

तुझीच, सहावीत तू वाचलेलं न ऐकणारी,
मोनाली